आधी कोणाला सांगितलं

अकोला,
९ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप जाऊबाई,
सविनय जयभीम.

आम्ही परवा सुखरूप पोचलो. संघपालनं बापासाठी गाडी इतकी हळू आणली की मूर्तिजापूरजवळ एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं. ह्यांची तब्येत ठीक आहे. छातीवरची जखम खालच्या टोकाला अजून ओली आहे, पण बायपासनंतर असं होतं म्हणे. तुम्ही जवळजवळ महिनाभर आम्हाला घरात ठेवून घेतलं, दोन्ही वेळचा डबा दवाखान्यात पोचवला, तुमच्या आकांक्षानं सून असून काकांची लेकीसारखी धावपळ केली. आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही.

पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. कानातली मशीन शिट्ट्या मारते, मग फोन आकांक्षाच्या हातात जातो, आणि मला जे विचारायचं आहे ते तिच्या हातातून जायला नको.

तर विचारते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूत एकेकाला दहा मिनिटं सोडत होते. ह्यांच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, म्हणून सिस्टरनं पॅड आणि पेन दिलं होतं. आधी मी गेले. अठ्ठावीस वर्षांची बायको. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'पाणी'. मी म्हटलं, आत्ता द्यायचं नाही म्हणतात. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझी दहा मिनिटं तशीच गेली.

मग तुम्ही गेलात. मी दाराच्या काचेतून पाहत होते. ह्यांचा हात थांबतच नव्हता. पाऊण पान लिहिलं, जाऊबाई! नळी तोंडात, सुया हातात, आणि पाऊण पान. तुम्ही ते वाचलं, पॅडमधून फाडून घेतलं, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. बाहेर आलात तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणालात, "काही नाही व. कसं हाये, काय हाये, तेच."

तेव्हा मी तुमच्या घरी जेवत होते म्हणून गप्प बसले. आता माझ्या घरात आहे. त्या पानावर काय होतं?

इथे आल्यापासून हे पाठीवर झोपत नाहीत. खुर्चीत बसून डोळा लागेल तेवढाच. समोर पुंजाराम मिस्त्रीचं फर्निचरचं काम निघालं आहे. त्याची करवतीची मशीन सुरू झाली की हे हातातलं टाकून मागच्या अंगणात जातात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मी विचारलं की "काही नाही". मला सगळं 'काही नाही' आणि तुम्हाला पाऊण पान.

जवसाची चटणी पोचली. ह्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाले, "वहिनीच्या हातची हाये." जवसाची चटणी मीही करते. गेली अठ्ठावीस वर्षं करते आहे.

तुमची,
भावना


अमरावती,
१५ सप्टेंबर २०२४

चि. भावनाला,
जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच वळणदार आहे. तुला पाहायला आलो होतो तेव्हा तुझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या होत्या, त्या पाहून मीच आमच्या ह्यांना, तुझ्या दादांना म्हटलं होतं की मुलगी करा. तेव्हा काय माहीत की एक दिवस ह्याच अक्षरात माझी झडती होईल.

पानावर विशेष काही नव्हतं. विहाराच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, वर्षावास संपताना वाचन कोण करेल, शाळेत रजेचा अर्ज गेला का, असंच सगळं. आजारी माणसाला कधी काय आठवेल त्याचा नेम नसतो. पान मी फेकून दिलं.

तू मात्र जशी होतीस तशीच आहेस. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बंडूनं मला चहा मागितला तर तू पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडलीस. आठवतं का? अठ्ठावीस वर्षं झाली, पोराला दाढीमिशा आल्या, तरी तू अजून त्या चहाच्या कपातच बसली आहेस. अगं, मी ह्या घरात आले तेव्हा सासू गेलेली आणि तो आठ वर्षांचा. त्याचं नाक मी पुसलं, पाढे मी घोकून घेतले. आईचा हेवा करतं का कोणी?

संशयाला औषध नाही. जखमेला आहे, ते वेळेवर लाव. चटणी त्याच्यापुरती नव्हती, तूही खा.

मनकर्णा


अकोला,
२४ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप जाऊबाई,
सविनय जयभीम.

विहाराच्या कपाटाची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली आहे. हे चार वर्षांपासून विहाराचे सचिव आहेत, किल्ली त्यांनीच तिथे टांगली. आणि रजेचा अर्ज बाळापूरच्या शाळेत ते स्वतः देऊन आले होते, ऑपरेशनच्या आठ दिवस आधी. खोटं बोलायचं तर जरा चौकशी करून बोलावं.

तुम्ही आई आहात म्हणता. माझी सासू जिवंत असती तर मी तिचा हेवा केला नसता, कारण सासू कधी ना कधी तरी म्हणाली असती, आता तुझं तू बघ. तुम्ही ते कधीच म्हणाला नाहीत.

आता इथलं ऐका. परवा दुपारी पुंजारामनं मशीन लावली तेव्हा हे जेवत होते. घास ताटात पडला. दोन्ही हात छातीवर दाबून धरले आणि रडायला लागले. बापाच्या मयतीत न रडलेला माणूस, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मी धावत जाऊन पुंजारामला मशीन बंद करायला लावली. तो घाबरून म्हणाला, "काय झालं मास्तरले?" त्याला काय सांगू, मलाच माहीत नव्हतं.

परत येऊन मी ह्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, आता तरी सांगा. मी कोण आहे तुमची? ताटात पडलेला घास उचलून कडेला ठेवला. मग म्हणाले, "वहिनीले इचार."

वहिनीले इचार! माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून. मी हातातला गडू भिंतीवर मारला. गडूला पोचा आला. ह्यांनी उठून तो उचलला, जागेवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

म्हणून विचारते. त्यांनीच सांगितलं आहे तेव्हा आता तुम्हाला लपवायचा अधिकार नाही.

भावना


अमरावती,
२९ सप्टेंबर २०२४

चि. भावनाला,
जयभीम.

किल्लीचं चुकलं माझं. आता खरं लिहिते. बसून वाच.

बंडू ऑपरेशनमध्ये जागा होता.

पूर्ण वेळ नाही, पण मध्येच जाग आली. त्याला वाटलं ऑपरेशन झालं, आपण खोलीत आहोत. मग ती करवत सुरू झाली. छातीचं हाड त्याच मशीननं कापतात म्हणे. डोळे चिकटवलेले, तोंडात नळी, अंगातली ताकद औषधानं काढून घेतलेली. भुलीत दोन औषधं असतात, एक झोपेचं आणि एक अंग लुळं करण्याचं. अंग लुळंच राहिलं आणि झोप उडाली. तो करंगळी हलवायचा प्रयत्न करत होता. 'करंगळी हलली असती तर त्यांना कळलं असतं', असं त्यानं पानावर दोनदा लिहिलं होतं. दुखलं का, ते मी विचारलं. त्यानं लिहिलं, दुखण्यापेक्षा ओरडता येत नाही ते वाईट.

सगळं ऐकू येत होतं. कोणाच्या तरी नात्यातल्या मुलीच्या नीट परीक्षेतल्या मार्कांचा विषय निघाला होता. एक बाई म्हणाली, सातशेवीसपैकी सहाशे बारा. दुसरा म्हणाला, म्हणजे ऐंशी टक्के. आणि आपला मास्तर तिथे छाती उघडी टाकून मनात ओरडत होता, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी! मग त्याला भान राहीना, तेव्हा त्यानं एकोणतीसचा पाढा धरला. लहानपणी तो नेहमी एकोणतीसलाच अडकायचा, मी चुलीपुढे बसवून घोकून घ्यायची. पुन्हा झोप लागेपर्यंत तोच म्हणत होता.

आता मलाच का सांगितलं, ते सांगते. त्र्याऐंशी साली गावाकडे शाळेत नसबंदीचं शिबिर लागलं होतं. माझं ऑपरेशन तिथे झालं. एका खोलीत रांगेनं बायका, बाकांवर झोपवलेल्या. मला सुई चढली नाही की कमी पडली, कोण जाणे. मला सगळं कळत होतं आणि जीभ उचलत नव्हती. घरी येऊन सांगितलं तर दादा हसले. सगळे म्हणाले, भुलीत बायांना असलीच स्वप्नं पडतात. बंडू सतरा वर्षांचा होता. तो एकटा हसला नाही. माझ्याजवळ बसून म्हणाला, "काय काय आयकू आलं वहिनी? सांग मले." मी सांगितलं. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं मी त्याबद्दल कोणाशी बोलले नाही.

म्हणून त्याला मी आठवले. एवढंच आहे ते. पान मी खरंच फेकलेलं नाही, पण पाठवणार नाही. ते वाचून तुला बरं वाटणार नाही.

मनकर्णा


अकोला,
१२ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप जाऊबाई,
सविनय जयभीम.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळे विहारात गेले आहेत. हे गेले नाहीत, आत खुर्चीत बसले आहेत. मी ओट्याजवळ उभी राहून लिहिते आहे.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून पत्र पालथं ठेवलं. ज्या माणसाच्या कुशीत मी झोपते, त्याची छाती तो जागा असताना कापली, आणि त्या वेळी मी बाहेर बाकावर बसून तुमच्या आकांक्षाबरोबर पोहे खात होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पाढाही तुमचाच निघाला. मरणाच्या दारात माणसाला बायको आठवावी, मुलगा आठवावा. ह्यांना तुमची चूल आठवली. तुमचं दुखणं आणि त्यांचं दुखणंसुद्धा एकच. मी धडधाकट, मला कधी भूलसुद्धा दिली नाही, मी कुठून तुमची बरोबरी करू?

पण आता माझा हेवा बाजूला ठेवावा लागतो आहे. जखमेतून पाणी यायचं थांबत नाही. हे खोकले की छातीत 'टक्' असं वाजतं. गुरुवारी अमरावतीच्याच दवाखान्यात दाखवलं. घाईत होतो, तुमच्याकडे आलो नाही, क्षमा करा. हाड जोडायला ज्या तारा घातल्या होत्या, त्यातल्या दोन सैल झाल्या आहेत. पुन्हा पूर्ण भूल देऊन छाती उघडायची, साफ करायची, नव्या तारा घालायच्या. पू आत उतरला तर वाचवणं कठीण, असं डॉक्टर तोंडावर बोलले. पंधरा दिवसांची मुदत दिली. ह्यांनी ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसले. घरी आल्यावर एकच वाक्य म्हणाले, "मी सडून मरीन, पन त्या टेबलावर जानार नाई." संघपालनं समजावलं, रडला, पाया पडला. ऐकत नाहीत.

तुम्ही या. तुमचं ऐकतील. मी तुम्हाला हात जोडून बोलावते आहे, हे लिहिताना मला काय होतं आहे ते तुम्हाला कळणार नाही.

आणि आता जे लिहिते ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. तुम्ही पलंगाच्या उशाशी स्टुलावर होतात. त्यांनी विचारलं, दारू घेतात का? रोज? किती? हे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, नाही मॅडम, आमच्यात कोणी शिवत नाही. विहाराचे सचिव आहेत, पंचशील देतात लोकांना.

जाऊबाई, हे दहा वर्षांपासून रोज पितात. शाळेतून आल्यावर मागच्या खोलीत एक क्वार्टर. शिवी नाही, आवाज नाही, कोणाला वासही येऊ देत नाहीत. का लागली ते मला माहीत नाही. मी रडले, भांडले, शेवटी दार लोटून घ्यायला शिकले.

लग्नात तुम्ही माझा हात धरून काय म्हणाला होतात? "पाच शीलांवर वाढवला हाये मी याले. आता तुह्या हवाली." तुमच्या हाती पाचही शाबूत होती, माझ्या हाती आल्यावर दारूला न शिवण्याचं पाचवं गेलं, हे तुमच्यासमोर मी कसं बोलणार होते? तुम्ही त्या स्टुलावर नसता तर मी खरं सांगितलं असतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ह्यांचे हात थरथरत होते, काहीबाही बडबडत होते, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तेव्हाही तुम्ही तिथेच होतात. मी पुन्हा नाही म्हटलं.

परवा तिथल्या सिस्टरला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. ती म्हणाली, रोज पिणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागतं काकू, म्हणून तर विचारतात.

म्हणजे त्यांना मी जागं ठेवलं. तुमच्या हेव्यापायी. आता तुम्हीच सांगा मी कोणत्या तोंडानं त्यांना म्हणू की पुन्हा टेबलावर जा.

भावना


अमरावती,
१६ ऑक्टोबर २०२४

भावना,

मला माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी दादा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आला होतात, तेव्हा बंडूची पिशवी माझ्या खोलीत होती. टॉवेल काढायला गेले तर खाली बाटली. मी ती होती तशी परत टॉवेलखाली ठेवली. त्या वेळी मला काय वाटलं, ते अडुसष्टाव्या वर्षी खोटं कशाला लिहू? वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण आधी बरं वाटलं. मनात आलं, हिच्याच्यानं सांभाळला गेला नाही. मी चार वर्षं ती गोष्ट जपली, आणि तू माझ्यासमोर तोरा केलास की मनात ती बाहेर काढून पाहायची.

त्या मॅडमनं विचारलं तेव्हा मशीन कानात होती. सगळं ऐकलं. तू नाही म्हणालीस, तेव्हा माझ्या तोंडात शब्द आला होता. मी गिळला. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून, असं मी नंतर स्वतःला समजावत राहिले. पण खरं असं आहे की मला वाटलं, बोल खोटं, मला तर माहीत आहे. तू हेव्यापायी बोललीस आणि मी हेव्यापायी गप्प बसले. तुझ्या खोट्यात अर्धं माझं आहे. ते तू एकटीनं डोक्यावर घेऊन फिरू नकोस.

अजून एक राहिलं. त्या पानावर शेवटी एक ओळ आहे. मागच्या पत्रात मी ती मुद्दाम लिहिली नाही. त्यानं लिहिलं होतं, 'भावनाला सांगू नको वहिनी. ती स्वतःलाच दोष देत बसेल.'

कळलं का तुला? तू काय खोटं बोललीस ते त्याला पक्कं माहीत होतं. तो तिथेच पडलेला होता. जाग आली कशानं, हेही त्या मास्तरच्या डोक्यात आलं असणार. आणि त्या अवस्थेत, नळी तोंडात असताना, त्याला काळजी तुझी. तुला 'पाणी' लिहिलं ते ह्यासाठी. माझ्याजवळ मन मोकळं केलं, कारण मला ते ऐकून काही होणार नव्हतं.

मी पन्नास वर्षं ह्या घरात आहे. तिला सांगू नको, तिला लागेल, असं माझ्यासाठी कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तुझे दादा चांगले होते, पण ते हसले होते. त्या आयसीयूत उभं राहून मी ती ओळ वाचली आणि मला तुझा असा हेवा वाटला की पान पॅडमधून फाडून घेतलं. तुला त्रास होऊ नये म्हणून नाही. तुला ते मिळू नये म्हणून. माझे डोळे लाल होते ते त्याच्या दुखण्यानं, असं तू समजलीस. अर्धेच त्याच्या दुखण्यानं होते.

तू बोलावलंस म्हणून मी पिशवी भरली होती. पुन्हा रिकामी केली. मी आले तर तो ऐकेल, माझ्यासाठी टेबलावर जाईल, आणि तू पुन्हा काचेच्या बाहेर. ते नको. मी उद्या तेल्हाऱ्याला बहिणीकडे जाते आहे, दिवाळीपर्यंत तिथेच राहीन. तिचा पत्ता मागे लिहिला आहे. तुम्ही अमरावतीला याल तेव्हा माझ्याच घरी उतरा. आकांक्षाला सांगितलं आहे, स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात दे.

तू बोल त्याच्याशी. आधी त्याच्याशी, मग त्या मॅडमशी. आता तुझं तू बघ.

मनकर्णा


अमरावती,
२९ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप जाऊबाई,
सविनय जयभीम.

तुमच्या घरातून, तुमच्याच ओट्याजवळ उभी राहून लिहिते आहे. डाळीचा डबा कुठे, मीठ कुठे, काही सापडत नाही. सगळं तुमच्या उंचीच्या हिशोबानं ठेवलेलं, माझा हात पोचत नाही.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ह्यांच्या खुर्चीसमोर बसले. वळणं घेतली नाहीत. म्हटलं, मॅडमना मी खोटं सांगितलं, म्हणून तुम्हाला जाग आली. मला सगळं माहीत आहे. वहिनींनी सांगितलं. ह्यांनी समोर पुंजारामच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "इचारलं मले, उत्तर देल्लं तू, अन् मुंडी हालवली मी. मले तोंड नोतं काय? तू काहून एकटी घेते?" मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुह्या तोंडाकडे पाहून सांगवत नोतं." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. छातीत टक् वाजलं ते मलाही ऐकू आलं. मी म्हटलं, ही तार नीट करून घ्यायची आहे. "भेव लागते," म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी म्हटलं, मलाही लागतं. दोघं जाऊ.

बावीस तारखेला त्याच भुलीच्या मॅडम आल्या. तोच कागद, तेच प्रश्न. त्या दारूच्या प्रश्नावर यायच्या आधीच मी बोलले. संघपाल होता, सर्जन होते, दोन सिस्टर होत्या. म्हटलं, दहा वर्षं रोज एक क्वार्टर, मागच्या वेळी मी लपवलं, ऑगस्टपासून थेंब नाही. संघपालनं मान खाली घातली. ह्यांनी मात्र वर ठेवली. मग ते स्वतः म्हणाले, "मॅडम, सातशेवीसपैकी सहाशे बारा म्हणजे पंच्याऐंशी टक्के होते. ऐंशी नाई."

मॅडमच्या हातातला पेन थांबला. कागद खाली ठेवला. म्हणाल्या, माझ्या भाचीचे मार्क होते ते. स्टूल ओढून ह्यांच्याजवळ बसल्या आणि पहिल्यापासून सगळं ऐकलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. हे स्वप्न होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. माफी मागितली. मी विचारलं, दारूमुळे झालं का? म्हणाल्या, असू शकतं. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये बीपी पडलं की औषध बेतानं द्यावं लागतं, त्यानंही झालं असेल. नक्की कशानं ते आता सांगता येणार नाही. म्हणजे मला पुरता दोषही नाही आणि पुरती सुटकाही नाही. तुम्ही अर्धं घेतलं आहे, ते तुमच्याकडेच राहू द्या.

ह्या वेळी कपाळाला एक पट्टी लावली. झोप किती खोल आहे त्याचा आकडा पडद्यावर दिसतो म्हणे. झोप लागेपर्यंत मला आत उभं राहू दिलं, टोपी, गाऊन सगळं चढवून. ह्यांनी माझी करंगळी धरली होती. एक, दोन म्हणता म्हणता हात सुटला. मला बाहेर काढलं.

दोन तास बाकावर एकटी बसले. आकांक्षाला मी घरी पाठवलं होतं. तुम्ही नव्हतात. खरं सांगते, तुमची फार आठवण आली. हेवा करायलासुद्धा शेजारी कोणी नव्हतं.

नळी लगेच काढली होती. मला आत बोलावलं तेव्हा ह्यांचे डोळे उघडे होते. माझी विचारायची हिंमत होईना. तेच म्हणाले, "काहीच नाई व. आंग टाकलं अन् उठलो. मंधात काहीच नाई." मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. मग पुढचं वाक्य काय असावं? "वहिनीले कळवलं काय?"

असा संताप आला! अजून अंगातली भूल उतरली नव्हती आणि वहिनी. मी म्हटलं, कळवते.

आकांक्षानं तुमच्या बहिणीला फोन करून ऑपरेशन नीट झालं, एवढं सांगितलं आहे. मध्ये जाग आली का, ते तिला माहीत नाही. संघपाललाही मी सांगितलेलं नाही. ते ह्यांनी फक्त मला सांगितलं, आणि सगळ्यांत आधी मला. ऑपरेशन तेवीसला झालं, आज एकोणतीस. पत्र त्याच संध्याकाळी लिहिता आलं असतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. सहा दिवस ते एकटीनं जवळ ठेवलं. आता तुम्ही घ्या.

तुमची,
भावना